कामापुरतं स्पॅनिश

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र गेल्या आठवड्यात मंगळवारी मिळालं. आज गुरुवार. म्हणजे नऊ दिवस मी ते पर्समध्ये घालून कामावर नेते आहे आणि परत आणते आहे. फोन करू नकोस, फोनवर तू घाईघाईत काहीतरी बोलून मोकळी होशील, दोन दिवस नीट विचार कर आणि लिहून कळव, असं तू बजावलं आहेस. दोनाचे नऊ झाले, पण विचार मात्र केला. सोबतचा फोटो आरशाच्या कडेला खोचून ठेवला आहे. मुलगी तुझ्यावर गेली आहे असं लिहिलं आहेस. डोळे तुझे आहेत. हनुवटी कुणाची ते तुलाही दिसतं आणि मलाही, उगाच कशाला लपवायचं. चार वर्षांच्या मानाने फारच शहाण्यासारखी उभी राहिली आहे, फ्रॉकच्या खिशात हात घालून. तू जे विचारलं आहेस त्याच्यावर मी शेवटी येते. आधी दुसरंच काही सांगायचंय, आणि ते सांगितल्याशिवाय मला तुला हो किंवा नाही काहीच म्हणता येणार नाही.

क्लब आहे तसाच आहे. नाचायच्या जागेची फरशी बदलली. आता ती खालून निळी उजळते आणि दिवसा पाहिली तर धुवायला काढलेल्या पाण्याच्या टाकीसारखी दिसते. मॅनेजरने केसांना कलप लावायचं सोडलं, कारण केसच त्याला सोडून गेले. तुझ्यानंतर ट्रे धरणाऱ्या सातजणी आल्या आणि गेल्या. त्यातली एकही तुझ्यासारखी फिरायची नाही. चार भरलेले ग्लास घेऊन तू नाचणाऱ्या माणसांमधून अशी गरगरत जायचीस की थेंब सांडायचा नाही, म्हणून तर मी तुला भिंगरी म्हणायला लागले आणि मग सगळेच म्हणायला लागले. बंदरावरचं काम संपून ते सगळे परदेशी लोक केव्हाच गेले, पण बाथरूमच्या दारांवरच्या स्पॅनिश पाट्या अजून आहेत. त्या भाषेतलं गिऱ्हाईक आता महिन्यातून एखादं येतं. आलं की मॅनेजर मला डेस्कवरून बोलावतो आणि त्याच्यासमोर उभी करतो, घरी पाहुणे आले की पोराला कविता म्हणायला लावतात ना, तसं. मी दोन वाक्यं म्हणते, ते टाळ्या वाजवतात, मी परत खुर्चीवर जाऊन बसते. या खुर्चीवर मी कशी आले ते तुला वाटतं तसं नाही. तेच सांगायचंय.

त्या वर्षी फेब्रुवारीत ते सुरू झालं. नव्या क्रेन बसवायला दीडशे माणसं आली होती, सगळी स्पॅनिश बोलणारी, सगळी घरापासून लांब, आणि काम संपल्यावर करायला काही नाही. मॅनेजरच्या तोंडाला पाणी सुटलं. त्याने कुठल्याशा कॉलेजातून निवृत्त झालेल्या सरांना गाठलं आणि आठवड्यातून तीन दिवस, दुपारी तीन ते चार, आपल्या सहाजणींना शिकवायला आणून बसवलं. त्या वेळी क्लबमध्ये कसं असायचं आठवतं का? खुर्च्या टेबलांवर पाय वर करून पडलेल्या, आदल्या दिवशीच्या बिअरचा आणि फिनेलचा एकत्र वास, आणि रात्री चमचमणारा तो छताचा गोळा दिवसाउजेडी धुळीने माखलेला. त्यात सर आपला थर्मास घेऊन, मफलर गुंडाळून, फळ्याच्या जागी मेन्यूच्या काळ्या पाटीवर खडूने लिहायचे. मॅनेजरने त्यांना तीस वाक्यांची यादी दिली होती. शुभ संध्याकाळ, काय घ्याल, आणखी एक आणू का, आज तुम्ही फार छान दिसता, पुन्हा या. पहिल्याच आठवड्यात तू हात वर करून म्हणालीस, सर, हे सगळं ठीक आहे, पण हात काढा कसं म्हणायचं? ते यादीत नाही. सर बिचारे कानापर्यंत लाल झाले. मग पाटी पुसून त्यांनी ते वाक्य लिहिलं, कीते ला मानो, आणि म्हणाले, पुढे पोर फावोर लावलं तर जास्त सभ्य वाटेल. तू म्हणालीस, मग नाही लावणार. त्या दिवशी आपण सहाही जणी किती हसलो होतो. खरं सांगते, ते हसणं आठवलं की मला अजून तुझा राग येता येता थांबतो.

राग होता, भिंगरी. तो तुला कधी दिसू दिला नाही, पण होता. सर म्हणाले होते, तुम्हाला ही भाषा सोपी जाईल, त आणि द तुमच्या जिभेवर आधीपासून आहेत, आणि वस्तूंना बाई-बुवा करायची सवयही आहे. मला सोपी गेली. मी सगळं वहीत आपल्या लिपीत उतरवून घ्यायचे, घरी बाबांच्या उशाशी बसून पाठ करायचे. खुर्ची बाई, टेबल बाई, ग्लास बुवा. हात मात्र बाई. आपल्यासारखंच त्यांचंही तू वेगळं आणि तुम्ही वेगळं. तुम्ही म्हणजे उस्तेद, आणि तू म्हणजे चक्क तू. गिऱ्हाइकाला नेहमी उस्तेद म्हणा, सर सांगायचे, तो तुम्हाला तू म्हणाला तर त्याचं वाईटही वाटून घेऊ नका आणि आनंदही मानू नका. तुझ्या एका कानातून शिरायचं आणि दुसऱ्यातून जायचं. तास संपला की मी काउंटरमागे ग्लास पुसत तुझ्याकडून तीच वाक्यं घोटून घ्यायचे. तू चुकलीस की मी ओरडायचे, तू मला मास्तरीण म्हणून वाकुल्या दाखवायचीस. तुला जे काही येत होतं त्यातलं निम्मं माझं होतं.

मग ऑगस्टमध्ये डेस्कची जागा निघाली. बारा ते आठ. बुकिंग घ्यायची, फोन घ्यायचे, पार्ट्या ठरवायला आलेल्या लोकांशी बोलायचं आणि क्लब भरायच्या वेळेला घरी जायचं. ती जागा मला कशासाठी हवी होती ते तुझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. बाबांची उजवी बाजू गेलेली. भाऊ आणि वहिनी दोन गल्ल्या सोडून राहत होते, पण वहिनीला औषधांच्या वासाने मळमळायचं आणि भावाला वहिनीच्या मळमळण्याने. रात्रीचं कुणी नव्हतं. जुलैत एकदा मी पहाटे घरी आले तर बाबा पलंगाखाली होते. अकराच्या सुमारास पडले होते. पाच तास फरशीवर. मला पाहून म्हणाले, आलीस का, चहा टाक. दुसऱ्या दिवशी हे मी तुलाच सांगितलं होतं, स्टोअररूममध्ये, आणि तू माझ्याबरोबर रडली होतीस. महिन्याभरात मॅनेजरने आपल्या दोघींना त्या क्रेनवाल्या साहेबासमोर आणि त्याच्या दोन सोबत्यांसमोर बसवलं आणि म्हणाला, बोला यांच्याशी. मी बोलले. एकही चूक नाही. ते मान हलवत ऐकत राहिले. तू बोललीस, निम्मं चुकलीस, आठवेना तेव्हा माझ्याकडे बघितलंस, मी ओठांनी शब्द सांगितला, तू तोही चुकीचा म्हटलास, आणि ते तिघे पोट धरून हसले. जागा तुला मिळाली. मॅनेजर मला म्हणाला, हुशार तूच आहेस गं, पण डेस्कवर हसरा चेहरा लागतो. तू माझ्याकडे आलीस, माझे हात धरलेस आणि म्हणालीस, तू म्हणत असशील तर मी नाही म्हणते. मी म्हटलं, वेडी का, घे. तू विचारलंस, कारण मी काय म्हणणार ते तुला माहीत होतं. मी तुझ्या जागी असते तर विचारलं नसतं, थेट नाही म्हटलं असतं. निदान तेव्हा तरी मला तसं वाटायचं. आता स्वतःबद्दल इतक्या खात्रीने मी काहीच बोलत नाही.

तो क्रेनवाला. त्याचं नाव मी या कागदावर लिहिणार नाही, तूही कधी लिहीत नाहीस. मॅनेजरने त्याला बुधवारच्या तासाला यायला सांगितलं होतं, आपल्या सरावासाठी. बदल्यात त्याला थंड बिअर आणि सावली. तो वाईट वागला असं कुणी म्हणू शकणार नाही. दार उघडून धरायचा, ग्लास स्वतः उचलून काउंटरवर आणून ठेवायचा, मला मास्तरीणच म्हणायचा, त्याच्या भाषेत, माएस्त्रा. सगळ्यांना उस्तेद. सप्टेंबरच्या दुसऱ्या बुधवारी तो तुला तू म्हणाला. तुला ते कळलंही नाही, तू हसत पुढचं काहीतरी बोलत होतीस. पण मी काउंटरमागे थबकले. तुम्हीचं तू कधी झालं ते मला तुझ्याआधी कळलं, हे मला नेहमी गमतीचं वाटत आलं आहे. मला तो आवडत होता आणि म्हणून मी पुढचं सगळं केलं, असं तुला हे वाचताना वाटेल. तसं नव्हतं. तसं असतं तर मला स्वतःला माफ करायला निदान एक बरंसं कारण मिळालं असतं.

त्याच्या पुढच्या बुधवारची गोष्ट. तास संपला होता, तू डेस्कवर होतीस. मी बर्फाचं पाणी ओतायला मागच्या अंगणात गेले. तिथे रिकाम्या क्रेटच्या चळतीपाशी तो पाठमोरा उभा राहून फोनवर बोलत होता. एरवी ती माणसं आपापसात बोलायला लागली की मला दहात एक शब्द हाती लागायचा. त्या दिवशी मात्र एकेक शब्द कळत होता, कारण तो हळू बोलत होता, सोपं बोलत होता, एकच गोष्ट दोनदोनदा सांगत होता. लहान मुलाशी बोलायची भाषा आणि आपली ती तीस वाक्यांची भाषा एकाच इयत्तेतल्या गं. पापा येगा एन दिसिएम्ब्रे, तो म्हणाला. महिन्यांची नावं सरांनी बुकिंगसाठी शिकवली होती, येगा म्हणजे येतो हे टॅक्सीच्या वाक्यात होतं. पापा डिसेंबरमध्ये येणार. मग म्हणाला, दाले उन बेसो आ मामा. मामा म्हणजे आई. बेसो मात्र मला येत नव्हतं. मी बादली हातात घेऊन उभी राहिले आणि तो शब्द विसरू नये म्हणून मनात घोकत राहिले. शुक्रवारी सरांना विचारलं. ते चष्मा पुसत म्हणाले, आपण लहान मुलांना पापा दे म्हणतो ना, तो. त्यांच्यात पापा म्हणजे बाप, आणि आपला पापा म्हणजे बेसो. आईला माझा एक पापा दे, असं झालं. कुठे ऐकलंस? मी म्हटलं, कुणी गिऱ्हाईक फोनवर बोलत होतं. सर म्हणाले, मग घरी बोलत असेल. एवढंच म्हणाले, आणि थर्मासचं झाकण लावलं.

म्हणजे मला माहीत होतं, भिंगरी. संशय नव्हता, अंदाज नव्हता. वहीत उतरवलेलं होतं, सरांकडून तपासून घेतलेलं होतं. त्या शुक्रवारी मी तुला सांगणार होते. तुझ्याकडे आलेही. तू डेस्कवर बसून नखं रंगवत होतीस आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, मास्तरीण, या खुर्चीवर बसून बसून पाठ धरते गं, तुझं बरं आहे, तुला उभ्याचं काम आहे. तू सहज बोललीस, तुझ्या मनात काही नव्हतं. पण आदल्याच रात्री बाबांनी अंथरूण ओलं केलं होतं आणि मी येईपर्यंत तसेच पडून होते. मी म्हटलं, हो ना, माझं बरं आहे, आणि काउंटरवर निघून गेले. सोमवारी सांगू म्हटलं. सोमवारी म्हटलं, एवढं काय आहे त्यात, तिचं काही गंभीर नसेलच. मी स्वतःला किती लवकर पटवू शकते ते मला त्या आठवड्यात कळलं.

ऑक्टोबरच्या शेवटी तू ती चिठ्ठी घेऊन आलीस. स्टोअररूमचं दार आतून लावून घेतलंस. त्याची बदली दुसऱ्या देशातल्या बंदरावर झाली होती आणि त्याने तुला येतेस का विचारलं होतं. तोंडी विचारलं होतं, तोडकंमोडकं, आणि मग हे लिहून दिलं होतं आणि म्हणाला होता, माएस्त्राकडून वाचून घे. हे लक्षात ठेव, मी पुढे त्याच्यावर येणार आहे. दोन ओळी होत्या, ठळक अक्षरात, शाळेतल्या पोराला दिल्यासारख्या. नो एस्तोय सोलो, तू लो साबेस. सी किएरेस वेनीर, वेन. तू माझ्या दंडाला धरून उभी होतीस, तुझी बोटं गार होती. मी तुला शब्दाला शब्द लावून सांगितलं. मी एकटा नाही, ते तुला माहीत आहे. यायचं असेल तर ये. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. सरांनी दहापैकी दहा दिले असते. आणि तू माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागलीस. म्हणालीस, बघ, म्हणतो मी आता एकटा नाही. मास्तरीण, असं कुणी मला कधी म्हटलं नव्हतं.

भिंगरी, त्याने तसं लिहिलं नव्हतं. त्याला घर होतं, बायको होती, मूल होतं, हेच तो सांगत होता. भित्र्या माणसासारखं, दोन शब्दांत, दुसऱ्याच्या तोंडून, पण सांगत होता. तुला वेगळं वाटलं आणि ते मी तुझ्या तोंडावर स्वच्छ पाहिलं. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की अगं, तसं नाही. दोन शब्द. मी म्हटले नाहीत. मी तुझ्या पाठीवरून हात फिरवला. आणि तो फिरवताना मला काय सुचत होतं ते लिहायला मला नऊ दिवस लागले. ही गेली की डेस्क रिकामं होईल, हे सुचत होतं.

नोव्हेंबरच्या चार तारखेला तू गेलीस. सहा तारखेला मी डेस्कवर बसले. मॅनेजर म्हणाला, हसायला शीक जरा. मी शिकले. रात्री घरी असायचे, बाबांना वेळेवर कूस बदलून द्यायचे, त्यांच्याजवळ झोपायचे. तेवीस दिवस. चोविसाव्या दिवशी दुपारी अडीचला, मी कुठल्याशा कंपनीच्या पार्टीचं बुकिंग लिहून घेत असताना, शेजारच्या काकूंचा फोन आला. बाबा दुपारचे गेले. तासाचे दिवस सोडले तर तीन वर्षं दुपारी मी घरी असायचे आणि रात्री नसायचे, त्या वेळी त्यांना काही झालं नाही. हे मी सबब म्हणून सांगत नाही. शिक्षा झाली असंही म्हणत नाही, माझ्यापायी बाबांना कशाला शिक्षा. झालं ते असं झालं, एवढंच. तुझा सांत्वनाचा फोन आला तेव्हा तू खूश होतीस, ते लपवायचा प्रयत्न करत होतीस आणि तुला ते जमत नव्हतं. मी फोन ठेवला आणि जे वाटलं ते चांगलं नव्हतं.

मग फेब्रुवारीतला फोन. तो पंधरा दिवसांची रजा घेऊन डिसेंबरमध्ये घरी गेला होता आणि आलाच नव्हता. कंपनीत चौकशी केलीस तर तिथल्या बाईने तुला त्याच्या बायकोचा पत्ता हवा आहे का असं विचारलं. तुला चौथा महिना होता आणि तू हॉटेलच्या लाँड्रीत चादरी घड्या करायला लागली होतीस. हे सगळं तू एका दमात सांगितलंस. रडली नाहीस. मग म्हणालीस, मास्तरीण, एक विचारू का, तुला तरी तेव्हा काही कळलं होतं का गं? तुला त्यांचं बोलणं समजायचं. मी म्हटलं, नाही गं, मला कुठून कळणार, मला येतं ते कामापुरतं. तू म्हणालीस, तेच म्हटलं, कळलं असतं तर तू सांगितलंच असतंस. पहिल्या वेळी मी गप्प बसले होते, त्याला काहीतरी नाव देऊन मी रात्री झोपू शकत होते. या वेळी मी खोटं बोलले. उघड, सरळ, आपल्याच भाषेत.

आता मागच्या महिन्याचं. संध्याकाळी सात वाजता मी रजिस्टर मिटत होते आणि तो समोर येऊन उभा राहिला. क्रेनची तपासणी करायला चार दिवसांसाठी आला होता. केस पिकलेत, पोट आलंय, दार अजून तसंच धरून ठेवतो. माएस्त्रा, म्हणाला, आणि मनापासून आनंद झाल्यासारखा हसला. मला वाटलं होतं, कधी भेटला तर मी त्याच्या तोंडावर काहीतरी फेकून मारीन. मी त्याला उस्तेद म्हणून बसायला सांगितलं. त्याने स्वतःहून तुझा विषय काढला. इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणून म्हणाला, मी तिला फसवलं नव्हतं. एया लो साबीआ. तिला माहीत होतं. मी लिहून दिलं होतं आणि तुम्ही वाचून दाखवलं होतं. असं म्हणताना त्याचा चेहरा अगदी स्वच्छ होता, भिंगरी. इतकी वर्षं हा माणूस शांत झोपत आला आहे आणि त्याची ती शांत झोप माझ्या हातून त्याला मिळाली आहे. मी म्हटलं, एया नो. यो सी. तिला नाही. मला. पहिल्या महिन्यात शिकवलेले चार शब्द, लहान पोरालाही कळतील असे. त्याला कळले. तो उठला, जायला वळला आणि जाताना दार सोडून दिलं, ते जोरात आपटलं. तुझ्या मुलीबद्दल मी त्याला काहीही सांगितलेलं नाही. ते सांगायचं की नाही, हे तुझं आहे.

आणि आता तू विचारलेलं. तुला जहाजावर काम मिळतंय, दोन वर्षांचा करार, मुलीला सोबत नेता येत नाही. तिला दोन वर्षं माझ्याकडे ठेवशील का, असं तू विचारलं आहेस, आणि पुढे लिहिलं आहेस की या जगात माझ्याशी एकदाही खोटं न बोललेली तू एकटी आहेस, म्हणून तुझ्याच हाती देते. नुसतं हो लिहून पाठवलं असतं तर ती पुढच्या महिन्यात इथे असती. मला ती हवी आहे, हे तुला कळू दे. या नऊ दिवसांत मी बाबांचा पलंग विकून टाकला, भिंतीला रंग काढला, कोपऱ्यावरच्या बालवाडीच्या बाईंना भेटून आले. शेजारच्या काकू आठपर्यंत तिला बघायला तयार आहेत. घर तयार आहे आणि मी चव्वेचाळीस वर्षांची आहे, माझ्या घरात मूल यायची ही एकच वेळ. पण तू ज्या बाईच्या हाती ती देते आहेस ती बाई कोण आहे, हे तुला कळायला हवं होतं, आणि ते माझ्याशिवाय तुला कुणी सांगणार नव्हतं. तुझं जहाज बारा तारखेला निघतं असं तू लिहिलं आहेस. हे पत्र तुला त्याच्या आधी मिळेल. पाठवलीस तर मी तिला न्यायला येईन आणि तुला दर आठवड्याला लिहीन, खरं असेल तेच. नाही पाठवलीस तर का म्हणून विचारणार नाही. पाठवलीसच, तर मोठी झाल्यावर तिला हे कुणी सांगायचं, तू की मी, तेही तूच ठरव.

इतकं वाचूनही म्हणू देणार असशील तर,
तुझीच,
मास्तरीण